अज्ञातवासाचे चित्रण : सुनील गुप्ता यांची छायाचित्रे आणि देशांतराची संकल्पना

१

देशांतरित समाजांच्या कलेचा विचार सर्वसाधारणपणे 'दुरावा' या एका कल्पनेभोवती केला जातो. मायभूमी मागे राहिली, तिची ओढ उरली, नव्या भूमीत परकेपण वाट्याला आले आणि या दोहोंच्या ताणातून अभिव्यक्ती जन्माला आली, असा तो विचारव्यूह आहे. त्यात घर ही गोष्ट निश्चित मानलेली असते. अनिश्चित असते ती घराबाहेर पडलेल्या माणसाची अस्मिता. स्टुअर्ट हॉल यांनी १९९० मधील आपल्या प्रसिद्ध निबंधात ही अस्मिता म्हणजे हरवलेले आणि पुन्हा सापडणारे मूळ नव्हे, ती घडत जाणारी प्रक्रिया आहे, असे प्रतिपादन केले. त्यामुळे या चर्चेला वेगळे वळण मिळाले. परंतु ज्याला आपण 'घर' म्हणतो त्या घराच्या आत कोणाकोणाला जागा होती, हा प्रश्न तरीही बराच काळ दुय्यमच राहिला.

क्वीअर सिद्धान्तनाने नेमका हाच प्रश्न ऐरणीवर आणला. 'इम्पॉसिबल डिझायर्स' (२००५) या ग्रंथात गायत्री गोपीनाथ यांनी दाखवून दिले आहे की, राष्ट्र अस्सल आणि देशांतरित समाज त्याची फिकी नक्कल, ही मांडणी आणि विषमलिंगी संबंध अस्सल व समलिंगी संबंध त्याची विकृत नक्कल, ही मांडणी, या दोन्ही एकाच घाटाच्या आहेत. अस्सलपणाचा दावा दोन्हीकडे घर, कुळ आणि वारसा यांच्या नावाने केला जातो. या विवेचनाचे मोल मोठे आहे. मात्र त्याचा उपयोग करताना एक धोका संभवतो. देशांतर आणि लैंगिक अल्पसंख्यत्व ही दोन्ही 'परकेपणा'चीच रूपे आहेत असे एकदा ठरले की, दोहोंतील भेद पुसट होतो आणि परदेशी गेलेला कलावंत हाच या अनुभवाचा आपसूक प्रतिनिधी ठरतो. घर सोडूनच ज्याला मोकळा श्वास घेता आला तो आणि घर न सोडता ज्याला आयुष्य काढावे लागले तो, यांच्या स्थितीत फरक आहे. हा फरक कलाकृतीच्या रचनेतच कसा व्यक्त होतो, हे पाहण्यासाठी सुनील गुप्ता यांच्या 'एक्झाइल्स' (१९८६-८७) या छायाचित्रमालिकेइतके उपयुक्त उदाहरण क्वचितच सापडेल.

गुप्ता यांचा जन्म १९५३ साली दिल्लीत झाला. १९६९ मध्ये कुटुंबासह ते मॉन्ट्रियलला गेले; पुढे न्यू यॉर्कमध्ये छायाचित्रणाचा अभ्यास करून लंडनमध्ये स्थायिक झाले आणि १९८३ मध्ये तेथील रॉयल कॉलेज ऑफ आर्टमधून त्यांनी पदव्युत्तर शिक्षण पूर्ण केले. लंडनच्या फोटोग्राफर्स गॅलरीने सोपविलेल्या कामासाठी ते दिल्लीला परतले आणि तेथील समलिंगी पुरुषांची छायाचित्रे त्यांनी घेतली. मालिकेचे नाव 'एक्झाइल्स', म्हणजे निर्वासित, हद्दपार झालेले. वाचकाला प्रथमदर्शनी वाटते की, हे नाव छायाचित्रकाराला उद्देशून आहे. पण छायाचित्रांत आहेत ती माणसे दिल्लीतच राहणारी आहेत. जो देश सोडून गेला त्याने, जे कधीच गेले नाहीत त्यांना, निर्वासित म्हटले आहे. मालिकेचा सारा आशय या विपर्यासात आहे.

२

या विपर्यासाला मराठीत नेमका शब्द शोधायचा तर 'वनवास' आणि 'अज्ञातवास' या जोडीकडे वळावे लागते. पांडवांची बारा वर्षे वनात गेली. तेथे हाल होते, परंतु नाव स्वतःचे होते आणि चेहराही स्वतःचाच होता. भेटायला येणारे त्यांना पांडव म्हणूनच भेटत. तेरावे वर्ष विराटाच्या नगरीत, राजवाड्यात, माणसांच्या गजबजाटात गेले. तेथे अन्न आणि निवारा होता. नव्हती ती ओळख. ओळख पटली तर पुन्हा बारा वर्षे वनवास, अशी अट होती. म्हणजे वनवासात शिक्षा आहे ती अंतराची, आणि अज्ञातवासात शिक्षेचे भय आहे ते ओळखले जाण्याचे. पहिल्यात माणूस जागेपासून तुटतो. दुसऱ्यात तो जागेवरच असतो, पण स्वतःच्या नावापासून तुटतो.

या जोडीचा वापर येथे केवळ संकल्पना म्हणून केला आहे, हे स्पष्ट करणे आवश्यक आहे. विराटपर्वातील बृहन्नडेचा दाखला देऊन 'आपल्या परंपरेत हे सारे होतेच' असा निर्वाळा देण्याची पद्धत अलीकडे रूढ झाली आहे. परंपरेच्या या वकिलीतून वर्तमानातील कोणत्याही माणसाची भीती कमी होत नाही. बृहन्नडा हे अर्जुनाने घेतलेले सोंग आहे आणि वर्ष संपताच ते उतरते. ज्यांच्या अज्ञातवासाला वर्षाची मुदत नाही त्यांच्याविषयी ती कथा काही सांगत नाही.

देशांतराची रूढ समीक्षा वनवासाची समीक्षा आहे. गुप्ता यांची मालिका अज्ञातवासाची आहे, आणि ती वनवासातून आलेल्या माणसाने रचली आहे. हा दुहेरी संबंध छायाचित्रांच्या मांडणीत उतरला आहे.

३

'एक्झाइल्स'मधील छायाचित्रे रंगीत आहेत. पार्श्वभूमीला दिल्लीतील सर्वपरिचित स्थळे आहेत : इंडिया गेट, हुमायूनची कबर, जामा मशीद, हौज खास. स्थळांची नावेच छायाचित्रांची शीर्षके झाली आहेत. माणसांना मात्र नावे नाहीत. बहुतेकांची ओळख पटणार नाही याची काळजी रचनेतच घेतली आहे : कोणी पाठमोरा आहे, कोणाचे तोंड वळलेले आहे, कोणाचा चेहरा चौकटीत येतच नाही. ही दृश्ये सहज टिपलेली नसून जुळवून आणलेली आहेत. वार्तांकनाचा आभास निर्माण करणारी, पण वार्तांकनाच्या प्रामाण्यावरच प्रश्नचिन्ह उभे करणारी ही 'रचित वास्तवा'ची पद्धत आहे.

स्मारकासमोर उभे राहून छायाचित्र काढून घेणे हा पर्यटनाचा सर्वांत रुळलेला संकेत आहे. अशा छायाचित्रात स्मारक साक्षीदार असते आणि माणूस सांगत असतो की, मी येथे होतो. गुप्ता हा संकेत जसाच्या तसा उचलतात आणि त्याचा अर्थ उलटा करतात. येथे स्मारक ओळखू येते, माणूस ओळखू येत नाही. आणि तो ओळखू येऊ नये अशीच व्यवस्था आहे. ही उद्याने आणि हे भग्नावशेष समलिंगी पुरुषांच्या भेटीगाठींच्या जागा होत्या. पर्यटकाच्या नजरेला जे भारताच्या वैभवाचे प्रतीक, तेच या माणसांसाठी एकमेकांना शोधण्याचे ठिकाण होते. राष्ट्राच्या अधिकृत दृश्यसंस्कृतीत ज्या वास्तूंना सर्वाधिक दृश्यता आहे त्यांच्याच सावलीत राष्ट्राने अदृश्य ठरविलेली माणसे बसलेली आहेत. या विरोधावर टिप्पणी करण्याची चित्रांना गरज भासत नाही. दोन्ही गोष्टी एका चौकटीत ठेवणे हीच टिप्पणी आहे.

पाठमोऱ्या आकृतीचा अर्थ मात्र अधिक काळजीपूर्वक लावला पाहिजे. छायाचित्राचे सार 'हे असे होते' या प्रत्ययात आहे, असे रोलाँ बार्थ यांनी म्हटले आहे. हा प्रत्यय सौंदर्यशास्त्रात स्मृतीशी जोडला जातो. कायद्याच्या क्षेत्रात त्याचेच नाव पुरावा. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील ३७७ वे कलम त्या काळी पूर्णपणे अमलात होते. अशा परिस्थितीत चेहरा दाखविणारे छायाचित्र कलाकृती होण्याआधी दस्तऐवज झाले असते. पोलिसांइतकीच, किंबहुना त्यांच्याहून अधिक, धास्ती घरच्यांची, कचेरीतील सहकाऱ्यांची, सोयरिकीची. तेव्हा चेहरा नसणे ही या छायाचित्रांतील उणीव नव्हे, तो तिच्या नीतीचा भाग आहे. पाठ हे येथे लपण्याचे चिन्ह नसून एका कराराचे चिन्ह आहे. आपण दिसू, पण ओळखले जाणार नाही, या अटीवर माणसे चौकटीत आली आहेत, आणि प्रेक्षकाने ती अट पाळावी अशी चित्राची अपेक्षा आहे.

भूपेन खख्खर यांच्या चित्रांशी तुलना केली असता माध्यमाचा हा मुद्दा अधिक उठावदार होतो. मुंबईत जन्मलेल्या आणि बडोद्यात स्थिरावलेल्या खख्खर यांनी 'यू कान्ट प्लीज ऑल' हे चित्र १९८१ मध्ये रंगविले. सज्जात उभा असलेला एक विवस्त्र पुरुष बहुतांशी पाठमोरा आहे आणि खाली बाप, मुलगा व गाढव यांची सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट टप्प्याटप्प्याने घडत आहे. तेथेही पाठच आहे. पण रंगविलेली पाठ कोणा विशिष्ट माणसाला अडचणीत आणत नाही. जो काही धोका आहे तो चित्रकाराने स्वतःवर घेतला आहे. म्हणूनच एक वर्षानंतरच्या 'टू मेन इन बनारस'मध्ये त्याला दोन पुरुषांचे आलिंगन उघडपणे रंगविता येते. छायाचित्रकाराला ही मुभा नसते. त्याच्या निर्भयतेची किंमत दुसऱ्याला मोजावी लागते. खख्खर घरी राहून बोलले, गुप्ता परदेशातून येऊन बोलले, असा साधा भेद करून हा फरक समजणार नाही. धोका कोणाच्या शरीरावर पडतो, हा खरा भेद आहे.

४

प्रत्येक छायाचित्राखाली मजकूर आहे. तो त्या पुरुषांच्या बोलण्यातून घेतला आहे आणि इंग्रजीत छापला आहे. त्यात लग्नाचा विषय येतो, म्हातारपणी कोण सांभाळणार ही चिंता येते, जोडीदार मिळण्यातील आणि टिकण्यातील अडचणी येतात. एका ठिकाणी तर बोलणारा छायाचित्रकाराला सरळ म्हणतो की, पश्चिमेत तुमचे किती बरे असेल. तेथे क्लब आहेत, चळवळ आहे.

या 'तुमचे'ला मालिकेच्या रचनेत विशेष महत्त्व आहे. देशांतरित कलावंताच्या आत्मकथनात तो नेहमी प्रथमपुरुषी असतो. मायदेशातील माणसे तृतीयपुरुषी होतात, आठवणीचा विषय होतात. येथे व्याकरण बदलले आहे. 'मी' म्हणतो आहे तो दिल्लीतील अनाम माणूस, आणि परदेशस्थ कलावंत झाला आहे 'तुम्ही'. १९८१ मध्ये मराठी रंगभूमीवर आलेल्या विजय तेंडुलकरांच्या 'मित्राची गोष्ट'मध्ये समलिंगी स्त्रीची कथा तिच्या मित्राच्या, बापूच्या निवेदनातून कळते. तिची वेदना त्याच्या सहानुभूतीच्या चौकटीतून प्रेक्षकांपर्यंत पोहोचते. 'एक्झाइल्स'मध्ये कॅमेरा मध्यस्थाच्या हाती असला तरी शब्द मध्यस्थाचे नाहीत. उलट मध्यस्थाच्या सुखाविषयीच त्यात थोडा हेवा, थोडा उपरोध आहे. ही समतोल साधणारी युक्ती आहे, तशीच ती मर्यादाही उघड करते. मजकूर इंग्रजीत आहे आणि मालिका प्रथम लंडनच्या प्रेक्षकांसाठी सिद्ध झाली. मायदेशी ती पोहोचायला बराच काळ जावा लागला. ज्यांच्याविषयी चित्र आहे ते आणि ज्यांच्यासाठी चित्र आहे ते, यांच्यातील हे अंतर देशांतरित कलेच्या पाचवीला पुजलेले आहे. गुप्ता यांनी ते झाकले नाही, इतकेच म्हणता येईल; ते बुजविणे एका मालिकेच्या शक्तीबाहेरचे होते.

पश्चिमेतील सुखाविषयीच्या त्या उद्गाराला इतिहासाने लवकरच उत्तर दिले. १९८८ साली ब्रिटनमध्ये स्थानिक स्वराज्य कायद्याचे २८ वे कलम आले. स्थानिक संस्थांनी समलैंगिकतेला 'प्रोत्साहन' देऊ नये, आणि शाळांतून ती एक मान्य करण्याजोगा 'दिखाऊ कुटुंबसंबंध' आहे असे शिकविले जाऊ नये, असा त्याचा आशय होता. हे कलम स्कॉटलंडमध्ये २००० साली आणि उर्वरित ब्रिटनमध्ये २००३ साली रद्द झाले. गुप्ता यांनी कायद्यातील तोच शब्द उचलून '"प्रिटेंडेड" फॅमिली रिलेशनशिप्स' (१९८८) ही मालिका केली. तिच्यातील प्रत्येक कृतीचे तीन भाग आहेत : एका जोडप्याचे रंगीत छायाचित्र, एक काव्यात्म मजकूर आणि या कायद्याविरुद्धच्या निदर्शनांच्या कृष्णधवल छायाचित्राची एक पट्टी.

या दोन मालिका स्वतंत्रपणे पाहिल्या तर एक भारताविषयी आणि दुसरी ब्रिटनविषयी वाटते. शेजारी ठेवून पाहिल्या तर एक वेगळीच आकृती दिसू लागते. ३७७ वे कलम ब्रिटिश राज्यकर्त्यांनी भारताला दिले. सव्वाशे वर्षांनंतर त्याच भूमीतून आलेल्या माणसाला ब्रिटनमध्ये त्याच वृत्तीचा नवा कायदा भेटतो. तेथे अटक नाही, पण नात्याला खोटे ठरविणे आहे. दिल्लीत चेहरा दाखविता येत नव्हता. लंडनमध्ये चेहरा दाखविता येतो, परंतु त्या चेहऱ्यांमधील नाते 'दिखाऊ' ठरते. म्हणजे घर मागास आणि परदेश मुक्त, ही उतरंड कलाकृतींच्या जोडीतूनच कोसळते. कोणत्याही सैद्धान्तिक विधानापेक्षा ही जोडी अधिक परिणामकारक आहे.

५

गुप्ता यांचे समकालीन रोटिमी फानी-कायोडे यांचा विचार येथे अप्रस्तुत ठरणार नाही. लागोसमध्ये १९५५ साली जन्मलेले हे छायाचित्रकार १९६६ च्या राजकीय उलथापालथीनंतर कुटुंबासह ब्रिटनला आले. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या कृष्णवर्णीय छायाचित्रकारांच्या 'ऑटोग्राफ' या संस्थेच्या संस्थापकांत ते आणि गुप्ता दोघेही होते. १९८९ च्या डिसेंबरात फानी-कायोडे यांचे निधन झाले. योरुबा धर्मविधींतील मुखवटे, अलंकरण आणि भावसमाधी यांचे संदर्भ घेऊन त्यांनी कृष्णवर्णीय पुरुषदेहाची जी छायाचित्रे घेतली ती स्टुडिओतील आहेत. तेथे स्थळ नाही. मायभूमी विधीच्या रूपाने देहावर अवतरते. हे वनवासाचे चित्रण आहे : जागा गमावलेली आहे, म्हणून ती देहावरच उभारावी लागते. गुप्ता यांच्या छायाचित्रांत याच्या उलट, जागा ठसठशीतपणे हजर आहे आणि देहाची ओळख गमावलेली आहे. देशांतरित क्वीअर कलेला एकच सौंदर्यशास्त्र असते असे मानणाऱ्यांनी हा भेद ध्यानात घेण्यासारखा आहे.

मात्र वनवास आणि अज्ञातवास यांच्यात पक्की भिंत उभी करता येत नाही, हे गुप्ता यांच्याच पुढील कामातून दिसते. १९९५ मध्ये त्यांना एचआयव्हीची लागण झाल्याचे निदान झाले. 'होमलँड्स' (२००१-०३) या मालिकेत त्यांनी आयुष्यातील वेगवेगळ्या देशांतील दृश्ये जोडीजोडीने मांडली. दोन चित्रे एकमेकांना चिकटून आहेत, पण क्षितिजे जुळत नाहीत. सीमा ओलांडणाऱ्या शरीरातच आता लपविण्याजोगी गोष्ट होती. अमेरिकेने तर एचआयव्हीबाधितांच्या प्रवेशावरील निर्बंध २०१० पर्यंत उठविले नव्हते. अज्ञातवास परदेशातही पाठ सोडत नाही, एवढाच याचा अर्थ.

'एक्झाइल्स'ची आणखी एक मर्यादा नोंदविणे अगत्याचे आहे. तिच्यात स्त्रिया नाहीत. बाग, कबर, मशिदीचे पटांगण या जागांवर निवांत बसण्याचा हक्कच मुळात पुरुषांचा असल्यामुळे अज्ञातवासाचा हा भूगोलही पुरुषी आहे. प्रतिभा परमार यांच्या 'खुश' (१९९१) या माहितीपटात याचे उत्तर सापडते. ब्रिटन, उत्तर अमेरिका आणि भारत येथील दक्षिण आशियाई समलिंगी स्त्री-पुरुषांच्या मुलाखती त्यात आहेत. त्याचबरोबर जुन्या हिंदी चित्रपटातील नृत्य दोन स्त्रिया मिळून पाहतात असे दृश्य आहे. स्त्रीसाठी स्मारकाची सावली उपलब्ध नाही; तिच्यासाठी पडद्यावरील नृत्य हीच जागा होते, आणि पुरुषासाठी रचलेले दृश्य स्वतःसाठी पाहणे हीच तिची कृती. दृश्यसंस्कृतीचा विचार केवळ चित्रनिर्मितीपुरता न करता पाहण्याच्या कृतीपर्यंत नेला पाहिजे, हे या उदाहरणावरून पटते.

६

२००५ मध्ये गुप्ता दिल्लीत राहावयास आले आणि काही वर्षे तेथे राहून पुन्हा लंडनला गेले. या काळातील 'मिस्टर मल्होत्राज पार्टी' ही मालिका 'एक्झाइल्स'चा उत्तरार्ध म्हणून वाचली जाते. दिल्लीच्या रस्त्यांवर स्त्रिया आणि पुरुष कॅमेऱ्याकडे सरळ पाहत उभे आहेत. शीर्षकाची कथा अर्थपूर्ण आहे. ३७७ व्या कलमाचा ससेमिरा चुकविण्यासाठी दिल्लीतील क्लबांतून समलिंगी मंडळींच्या रात्री एखाद्या काल्पनिक गृहस्थाच्या नावाने, खासगी मेजवानी म्हणून भरविल्या जात. मल्होत्रा हे नाव फाळणीनंतर दिल्लीत आलेल्या आणि ते शहर घडविणाऱ्या पंजाबी निर्वासितांचे प्रातिनिधिक नाव. म्हणजे एका निर्वासिताच्या नावाआड दुसऱ्या प्रकारच्या निर्वासितांनी आसरा घेतला आहे. विराटाच्या दरबारी कंक आणि बल्लव ही नावे जशी, तसेच हे. 'एक्झाइल्स'मध्ये जागा खरी होती, नाव आणि चेहरा नव्हते. येथे चेहरा खरा आहे आणि नाव खोटे. जागा, नाव आणि चेहरा या तिन्ही गोष्टी एकत्र मिळणे हीच नागरिकत्वाची व्याख्या मानली, तर वीस वर्षांनीही तिच्यातील काही ना काही गहाळच आहे.

या दोन मालिकांमधून अंधाराकडून प्रकाशाकडे जाणारी प्रगतीची सरळ रेषा काढण्याचा मोह अनेक भाष्यकारांना होतो. तो टाळला पाहिजे. दिल्ली उच्च न्यायालयाने जुलै २००९ मध्ये प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना ३७७ व्या कलमातून वगळले. परंतु २०१२ मध्ये पॅरिसमधील एका भारतीय पुरुषाची कथा सांगणारी गुप्ता यांची 'सन सिटी' ही मालिका दिल्लीत प्रदर्शित होताच पोलिसांच्या हस्तक्षेपानंतर प्रदर्शन बंद करावे लागले. डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला. सप्टेंबर २०१८ मध्ये घटनापीठाने संमतीचे संबंध अखेर गुन्ह्यातून मुक्त केले. आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला. २००९ च्या भरवशावर ज्याने चेहरा दाखविला तो चार वर्षांत पुन्हा गुन्हेगार ठरला. छायाचित्र मात्र परत घेता येत नाही. निकाल फिरतो, चेहरा नोंदलेला राहतो.

म्हणूनच चेहरा दाखविणारे चित्र धीट आणि पाठ दाखविणारे चित्र भित्रे, असा निकष समीक्षेने स्वीकारणे चुकीचे ठरेल. दृश्यता हे मूल्य आहे, पण ते निरपेक्ष मूल्य नाही. कोणाच्या नजरेला, कोणत्या कायद्याखाली आणि कोणाच्या संमतीने दिसायचे, या तीन प्रश्नांवाचून त्याला अर्थ येत नाही. वनवासातून परतलेला कलावंत अज्ञातवासातील माणसांना 'बाहेर या' असे सांगू शकला असता. तसे सांगणे त्याच्या परदेशी प्रेक्षकांना आवडलेही असते. 'एक्झाइल्स'ने ते सांगितले नाही. तिने माणसांना त्यांच्या अटीवर चौकटीत घेतले आणि त्यांचे बोलणे, स्वतःला टोचणाऱ्या शब्दांसकट, चित्राखाली छापले. देशांतरित कलेला मायदेशाविषयी बोलण्याचा अधिकार कोठून मिळतो, या जुन्या वादात या मालिकेने घेतलेली भूमिका ती हीच आहे. ती तपासताना चित्रातील पुरुष कोण होते हे शोधण्यापेक्षा, ते शोधण्याची इच्छा प्रेक्षकाला का होते, याची चिकित्सा अधिक फलदायी ठरेल.